चिरणे, फोडणे, मोडणे : इंग्रजीत नेमका शब्द कसा निवडायचा

कारेलीबागेतला एक मुलगा दीड वर्ष माझ्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला येत होता. पुढे शिकायला कॅनडाला गेला आणि पहिल्याच महिन्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ कामाला लागला. तिथल्या शेफने कांद्याची गोणी पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "डाइस दीज." मुलाने भजीला चिरतात तसा कांदा चिरला, उभा आणि पातळ, दोन बादल्या भरून. रात्री त्याचा फोन आला, "बाई, डाइस म्हणजे चिरणे, असंच आहे ना माझ्या वहीत?" वहीत तसंच होतं, कारण ते मीच फळ्यावर लिहून दिलं होतं.

त्या फोननंतर मी या शब्दांना 'अमुक म्हणजे तमुक' असे अर्थ लिहून देणं थांबवलं आणि शिकवायची पद्धत बदलली. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती आणि आता इंग्रजीची गरज पडलेल्या आपल्या बडोदेकरांसाठी ती पद्धत इथे पायरीपायरीने लिहिते आहे. एक वही लागेल आणि घरात असेल ती भाजी.

पहिली पायरी : मराठी वाक्य अर्धवट सोडू नका

शब्द पाठ करताना आपण नुसतं क्रियापद घेतो: चिरणे, फोडणे, तोडणे. पण घरात कुणी नुसतं "कांदा चिर" म्हणून थांबत नाही. बारीक चिर, उभा चिर, गोल चकत्या कर, मोठ्या फोडी कर, असं सांगतो. खरी माहिती क्रियापदाच्या शेजारी बसलेल्या शब्दात असते. इंग्रजीत तीच माहिती बहुतेक वेळा क्रियापदाच्या पोटात असते. 'चौकोनी बारीक फोडी करणे' एवढं सगळं एकट्या 'डाइस'मध्ये आलं. या लेखातून एकच गोष्ट घ्यायची झाली तर ही घ्या, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या याच्यावर उभ्या आहेत.

बडोद्यात १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांमधला कोश छापला गेला. सयाजीराव महाराजांच्या कचेऱ्यांना त्याचा उपयोग होता, कारण अर्ज किंवा दाखला एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेला तरी वस्तू तीच राहते. तिथे शब्दासमोर शब्द मांडता येतो. विळीवरच्या शब्दांचं तसं होत नाही. म्हणून वहीत आधी पूर्ण मराठी वाक्य लिहा, शेजारच्या शब्दासकट, आणि मगच इंग्रजी शोधा.

दुसरी पायरी : स्वयंपाकघरात 'शेवटी काय उरलं' ते पाहा

आपलं 'चिरणे' भाजीसाठी राखून ठेवलेलं आहे. शेजारच्या गुजराती बेनचंही तसंच, त्या शाक 'समारतात', कापत नाहीत. इंग्रजीला भाजी आहे की मांस आहे याचं फारसं पडलेलं नाही. ताटलीत कोणत्या आकाराचे तुकडे पडले, हे तिला हवं असतं.

भजीचा कांदा, सँडविचमधली काकडी, वांग्याचे काप, बटाट्याच्या चकत्या, हे सगळं स्लाइस. तुकडा चपटा आणि पातळ असला की झालं, गोल आहे की लांब याने फरक पडत नाही.

पोह्यातला कांदा चॉप. यात तुकडे साधारण सारखे असले की पुरे, मोजमाप नाही. सेवउसळीवर भुरभुरवतात तो कांदा फाइनली चॉप्ड. रश्श्यासाठी वाटायचाच असेल तर जाडाभरडा चिरला तरी चालतो, तो रफली चॉप्ड.

डाइस मात्र मोजून असतो. सापशिडीच्या फाशांना इंग्रजीत डाइस म्हणतात, हे लक्षात ठेवलंत की शब्द विसरणार नाही. तुकडा फाशासारखा, सगळ्या बाजू सारख्या. व्यावसायिक स्वयंपाकघरात त्याचीही मापं ठरलेली आहेत: स्मॉल डाइस साधारण ६ मिलिमीटर, मीडियम साधारण १२ आणि लार्ज साधारण २० मिलिमीटर. आपल्या रशियन सॅलडमधलं गाजर स्मॉल डाइसच्या आसपास येतं. काडेपेटीतल्या काडीसारखे लांब तुकडे हवे असतील तर ज्युलियन म्हणतात, साधारण ३ मिलिमीटर जाड आणि ५ सेंटिमीटर लांब. परदेशी स्वयंपाकघरात काम करायला निघालेल्यांनी घरून निघण्यापूर्वी पट्टी घेऊन एक गाजर या सगळ्या मापांत कापून पाहावं. वर्गात मी हे करून घेते आणि ६ मिलिमीटर म्हणजे किती लहान, हे पाहून प्रत्येक जण चकित होतो.

मिन्स म्हणजे अगदी बारीक, लसूण-आलं चिरतो तसं. पण इथे एक खबरदारी हवी. ब्रिटनमधल्या दुकानात पाकिटावर नुसतं 'मिन्स' लिहिलेलं असेल तर तो खिमा असतो. अमेरिकेत त्याच खिम्याला ग्राउंड मीट म्हणतात. शाकाहारी मुलांना मी हे दोनदा सांगते.

किसणीवर होतं ते ग्रेट. उच्चार 'महान' अर्थाच्या ग्रेटसारखाच, स्पेलिंग वेगळं. कोबी लांब, तंतूसारखा केला की श्रेड. भरल्या वांग्याला देठ राखून चिरा देतो किंवा मिरचीला मधोमध चीर पाडतो ते स्लिट, कारण वस्तू वेगळी होत नाही, फक्त उघडते. सालं काढणं पील, पण मटार सोलणं शेल, कारण तिथे साल टाकून आत जायचं नसतं, टरफल उघडून दाणा काढायचा असतो.

मग मुलं विचारतात, कोचवणे कसं म्हणायचं? खमंग काकडीसाठी काकडी हातात धरून सुरीने टोचे मारत बारीक करतो, त्याला इंग्रजीत एक शब्द नाही. फाइनली चॉप्ड म्हणा आणि कसं करतात ते करून दाखवा. आपल्याकडे असा शब्द आहे याचा मला फार आनंद वाटतो. तो इंग्रजीत बसवण्याच्या नादात टाकून देऊ नका.

खलबत्ता आणि पाटा-वरवंटा यांच्या बाजूला चार शब्द पुरतात. कुटणे पाउंड, ठेचणे क्रश, दळणे आणि वाटणे दोन्ही ग्राइंड, उकडलेला बटाटा कुस्करणे मॅश. कोरडं दळलं की ओलं वाटलं, हा आपल्याला महत्त्वाचा वाटणारा भेद ग्राइंडमध्ये नाही. तो सांगायचा असेल तर 'इंटू अ पावडर' किंवा 'इंटू अ पेस्ट' जोडावं लागतं. आणि ग्राउंड हे ग्राइंडचं भूतकाळी रूप असलं तरी ग्राउंडनट म्हणजे कुटलेले दाणे नव्हेत. ती जमिनीत येणारी शेंग आहे.

तिसरी पायरी : तुकडा कुठे पडणार हे आधी ठाऊक होतं का?

आता स्वयंपाकघराबाहेर येऊ. कट आणि ब्रेक यांत गोंधळ होतो, कारण आपण दोन्हीकडे कधीकधी 'तोडणे' वापरतो. आपण फूल तोडतो, फांदी तोडतो, दोरीही तोडतो.

नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक मानसभाषाविज्ञान संस्थेतल्या आसिफा मजीद, मेलिसा बाउअरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापण्या-मोडण्याच्या ६१ छोट्या चित्रफिती २८ भाषांच्या बोलणाऱ्यांना दाखवल्या आणि 'इथे काय घडलं' ते त्यांच्या भाषेत सांगायला लावलं. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हिंदी आणि तमिळही होत्या. भाषा कितीही वेगळ्या असल्या तरी एक गोष्ट सगळीकडे महत्त्वाची ठरली: वस्तू नेमकी कुठे विलग होणार, याचा अंदाज आधी बांधता येतो का. सुरी जिथे ठेवली तिथेच तुकडा पडतो, तिथे कट. हातोडा मारला तर चिरा कुठे जातील सांगता येत नाही, तिथे ब्रेक आणि त्याचे भाऊबंद. फाडणं या दोहोंच्या मधलं, त्याला बऱ्याच भाषांत वेगळा शब्द.

आपल्याला हे समजायला उत्तरायणाची गच्ची पुरे. १४ जानेवारीला शेजारच्या गच्चीवरून "काप्यो छे!" अशी आरोळी येते तेव्हा कुणाच्या तरी मांजाने दुसऱ्याची दोरी घासून कापलेली असते, म्हणून कट. वारा जोराचा आला, दोरी ताणली गेली आणि आपसूक तुटली, तर द स्ट्रिंग स्नॅप्ड. तोच पतंग पिंपळात अडकला, ओढताना कागद फाटला, तर द पेपर टोअर. आणि खाली आल्यावर कामटी मोडलेली दिसली, तर द स्टिक स्नॅप्ड. एका पतंगात कट, स्नॅप आणि टेअर तिन्ही आले. मराठीतही आपण कापला, तुटली, फाटला, मोडली असे वेगळे शब्द वापरले, पण भेद थोडा निराळा पाडला: दोरी तुटते, कामटी मोडते. इंग्रजीला दोन्ही स्नॅप, कारण दोन्ही लांबट आणि दोन्ही एका झटक्यात गेल्या.

चौथी पायरी : कान लावा

मराठीत मोडण्या-फुटण्याचे आवाज भरपूर आहेत आणि ते आपण क्रियापदाच्या आधी लावतो: कट्‌कन, खळ्‌कन, फट्‌कन, टर्रकन. इंग्रजीत तो आवाज क्रियापदातच भरलेला असतो. म्हणून मी मुलांना सांगते, डोळ्यांनी न ठरल्यास कानांनी ठरवा.

कट्‌कन मोडलं तर स्नॅप. गवार मोडताना, पेन्सिल मोडताना, खाखऱ्याचा तुकडा पाडताना येतो तो आवाज. खळ्‌कन फुटून सगळीकडे काचा झाल्या तर शॅटर. कुणी रागाने आपटून फोडलं असेल तर स्मॅश, यात जोर आणि हात दोन्ही आहेत. आतून दाब येऊन फट्‌कन फुटलं तर बर्स्ट: फुगा, टायर, पाण्याचा पाइप. टर्रकन फाटलं तर रिप, आवाजाशिवाय साधं फाटलं तर टेअर. तडकन तडा गेला पण वस्तू अजून एकत्र आहे, तर क्रॅक. कपाच्या काठाचा टवका उडाला तर चिप. आणि ज्याचा आवाजच होत नाही, बोटांत घेतल्यावर भुगा होतो, ते क्रम्बल: जुनं प्लास्टर, कोरडी माती, चुरम्यासाठी हातांनी मोडलेली भाखरी.

हा फरक समजण्यासाठी ताटातली पोळी, पापड आणि भाखरी शेजारी ठेवा. पोळीचा तुकडा टेअर ऑफ होतो, कारण ती लवचिक आहे. पापड ब्रेक होतो किंवा स्नॅप होतो, कारण तो ठिसूळ आहे. भाखरी दाबत राहिलात तर क्रम्बल होते. आपण तिन्हींना 'तुकडा मोडला' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीला वस्तू किती लवचिक, किती ठिसूळ, हे सांगावं लागतं.

एक शब्द आवाजाचा नाही पण इथेच शिकवते: स्प्लिट. वस्तू तिच्या स्वतःच्या रेषेने दुभंगली की स्प्लिट. लाकूड धारीच्या दिशेने फुटतं, शिवण उसवते, ओठ उलतात. आणि डाळ. हरभरा भरडला की दाणा नेमका दोन दळांत उघडतो, म्हणून परदेशी दुकानात डाळीच्या पाकिटांवर 'स्प्लिट' लिहिलेलं असतं. दलिया क्रॅक्ड व्हीट, कारण गव्हाला तशी दुभंगायची रेषा नाही, तो वेडावाकडा फुटतो. मला हे दोन शब्द किराण्याच्या पाकिटांवर वाचून जेवढे पक्के समजले तेवढे पुस्तकातून समजले नव्हते.

'फुटणे' बद्दल सावध राहा. परीक्षेचा पेपर फुटला तर तो लीक होतो, पालवी फुटली तर झाडाला स्प्राउट्स येतात, ब्रेकचा तिथे काही संबंध नाही. उलट 'नोट मोडून द्या' हे इंग्रजीत जसंच्या तसं चालतं: "कॅन यू ब्रेक अ फिफ्टी?"

पाचवी पायरी : कुणी केलं?

फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, फाटणे-फाडणे. मराठीत आपसूक झालं आणि कुणी केलं यांची वेगळी जोडी असते. इंग्रजीत ब्रेक, टेअर, स्नॅप, क्रॅक, स्प्लिट, शॅटर, बर्स्ट हे शब्द दोन्हीकडे चालतात. 'कप फुटला' द कप ब्रोक, 'मी कप फोडला' आय ब्रोक द कप.

पण कट, चॉप, स्लाइस, डाइस, ग्रेट हे आपोआप घडत नाहीत. तिथे करणारा लागतोच. म्हणून सगळ्यात जास्त चुकतं ते हे वाक्य: "माझं बोट कापलं." मुलं म्हणतात, "माय फिंगर कट." बरोबर वाक्य "आय कट माय फिंगर." अनेकांना हे म्हणायला अवघड वाटतं, जणू आपण मुद्दाम कापलं. तसा अर्थ होत नाही. पडून पाय मोडला तरी ही ब्रोक हिज लेग असंच म्हणतात, त्यात दोष कुणाचा हे येत नाही. दवाखान्यात हे दोन सांगाडे तोंडात बसलेले असावेत. जखम खोल असेल तर "इट्स अ डीप कट," हाडाला नुसता तडा असेल तर डॉक्टर हेअरलाइन फ्रॅक्चर म्हणतील.

याच्या उलट केसांचं. "मी केस कापून आले" याला "आय कट माय हेअर" म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, आरशासमोर स्वतःच कापले. "आय हॅड माय हेअर कट" म्हणा. थोडेच कमी केले असतील तर ट्रिम.

भूतकाळाची रूपं पाठच करावी लागतात: कट, स्प्लिट, बर्स्ट बदलत नाहीत, ब्रेक-ब्रोक-ब्रोकन, टेअर-टोअर-टॉर्न, ग्राइंड-ग्राउंड-ग्राउंड. टेअर आणि अश्रू यांचं स्पेलिंग एकच, उच्चार वेगळे: फाडणं टेअर, अश्रू टीअर.

सहावी पायरी : शेपट्या

क्रियापदामागे लागणारा छोटा शब्द अर्थ फिरवतो. फांदी कट ऑफ, म्हणजे मूळ वस्तूपासून वेगळी. झाड कट डाउन, म्हणजे उभं ते आडवं. लाकडं चॉप अप, म्हणजे पूर्ण तुकडे. कागदातून आकृती कट आउट. 'किती तुकडे' सांगायचं असेल तर इंटू: कट इट इंटू फोर पीसेस. अर्धं करायला मात्र कट इट इन हाफ.

ब्रेकच्या शेपट्या जपून. गाडी ब्रेक डाउन म्हणजे बंद पडणं, माणसं ब्रेक अप म्हणजे नातं तुटणं, आणि घरात ब्रेक इंटू म्हणजे घरफोडी.

सातवी पायरी : पडलेल्या तुकड्याचं नाव

लिंबाची लांबट फोड वेज, कलिंगडाची मोठी फोड चंक, लसणाची पाकळी क्लोव्ह. लवंगेलाही क्लोव्हच म्हणतात, त्यामुळे पाककृतीत 'गार्लिक' शब्द आहे का ते पाहा. पाव मोडताना सांडतो तो क्रम. फुटलेल्या काचेचा टोकदार तुकडा शार्ड, बोटात गेलेला लाकडाचा सल स्प्लिंटर, कागदाचा किंवा कापडाचा उरलेला तुकडा स्क्रॅप, कपाचा उडालेला टवका चिप. बटाट्याचे तळलेले लांब तुकडे ब्रिटनमध्ये चिप्स, कॅनडा-अमेरिकेत फ्राइज. पातळ कुरकुरीत चकत्या ब्रिटनमध्ये क्रिस्प्स, तिकडे चिप्स. मुलं कुठे चालली आहेत ते आधी विचारून मी हे शिकवते.

सराव

पाठांतराने हे बसत नाही, हात हलवावा लागतो. खंडेराव मार्केटमधून एक-एक जिन्नस आणा: गाजर, कोबी, काकडी, लिंबू, थोडी गवार, एक लसूण. घरी विळी असली तरी यासाठी सुरी आणि पाट घ्या. विळीवर आपण भाजी पात्याकडे नेतो, इंग्रजी शब्दांमागे खाली येणारी सुरी आहे, ती हातात घेतल्यावर चॉप आणि स्लाइस यांतला फरक मनगटाला कळतो. चॉपला सुरी वरून खाली पडते, स्लाइसला ओढली जाते.

पहिले तीन दिवस एकट्याने करा. जे करता ते मोठ्याने बोला: आय ॲम स्लाइसिंग द कुकुंबर, आय ॲम स्नॅपिंग द बीन्स. चौथ्या दिवसापासून घरातल्या कुणाला तरी समोर बसवा. तुम्ही इंग्रजीत वाक्य सांगायचं, मराठीत एक अक्षर नाही, हातवारे नाहीत, आणि समोरच्याने ऐकलं तसं कापायचं. ताटात तुम्हाला हवा तसाच तुकडा पडला तर शब्द बरोबर निवडला गेला. नाही पडला तर वहीतलं मराठी वाक्य पुन्हा वाचा आणि शेजारचा कोणता शब्द सुटला ते शोधा. माझ्या वर्गात दर गुरुवारी हा खेळ असतो. चुकलेलं आणि बरोबर आलेलं सगळं शेवटी एकाच पातेल्यात जातं, वरून दही आणि दाण्याचं कूट पडतं, आणि आठ वाजता वर्ग सुटताना सगळे कोशिंबीर खाऊन जातात.